डबा भरला आणि बोरेही किडली : फळमाश्यांची ओळख



आपल्या अंकात बेणे, लागण, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी आम्ही नेहमी लिहितो. या खेपेस माशीविषयी लिहीत आहोत, आणि तीही उसावरच्या नव्हे, बोर, पेरू, आंबा व काकडीवरच्या. ऊस विकास अधिकाऱ्याने ही उठाठेव कशाला करावी, असे कोणी म्हणेल. कारण साधे आहे. १९८० साली उजनी धरण पुरे झाले, पुढे कालव्याला पाणी आले आणि टेंभुर्णी भागात ऊस वाढला, हे खरे. पण आज ज्या सभासदाच्या नावावर चार एकर ऊस आहे त्याच्याच गटात दीड एकर बोर नाहीतर पेरू असतो, बांधावर दोन आंबे असतात, आणि सुरू उसात काकडीचे आंतरपीक असते. ऊसनोंदीला गेलो की नोंदीचे काम दहा मिनिटांत उरकते आणि पुढचा अर्धा तास फळबागेत जातो. "साहेब, जरा ही बोरं बघा की" म्हटल्यावर आमच्याच्याने नाही म्हणवत नाही.

दुसरे कारण असे की या विषयात आमच्या हातून एक चूक झालेली आहे. ती आधी सांगतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा होऊन गेला होता आणि भीमेच्या अंगाला असलेल्या एका गावी आम्ही पूर्वहंगामी लागणीच्या नोंदी घेत होतो. तेथे आपले एक जुने सभासद आहेत. वयाने वडीलधारे, सारा गाव त्यांना अण्णा म्हणतो. त्यांची दीड एकर उमराण बोर होती. फळ वाटाण्याएवढे झाले होते. आदल्या वर्षी त्यांचा निम्मा माल अळीने गेला होता, म्हणून त्यांनी विचारले, "साहेब, औंदा काय करावं?" आम्ही जरासुद्धा न थांबता सांगितले, मिथाईल युजेनॉलचे सापळे लावा, एकरी पाच. आंब्याला लावतात, पेरूला लावतात, मग बोराला का नको? माशी ती माशी!

अण्णांनी दुसऱ्याच दिवशी सापळे आणून बांधले. महिन्याने आम्ही गेलो तर डब्यांत माश्यांचा खच. एकेक डबा उघडावा आणि मूठ-मूठ माश्या ओताव्यात. अण्णांनी वस्तीवरच्या पोरासोरांना बोलावून दाखवले. आम्हीही फुशारलो. दोन भरलेले डबे गट कार्यालयात आणून टेबलावर मांडले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले.

पौषात माल निघाला. पहिली खेप उतरवून घेताना अडत्याने चार बोरे फोडली, त्यांतल्या तिघांत अळी. भाव पडला. पुढच्या दोन खेपांना तर भाड्याचे पैसेही सुटले नाहीत. अण्णा कार्यालयात आले. ते रागावले नाहीत, हेच आम्हाला जास्त लागले. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "साहेब, डबा बी भरला आन् बोरं बी भरली. मग डब्यात मेलं कोण?"

हा प्रश्न आम्ही आठ दिवस डोक्यात घेऊन हिंडलो. उत्तर डब्यातच पडलेले होते, आम्ही भिंग लावून पाहिले नव्हते एवढेच. डब्यात मेल्या होत्या त्या अण्णांच्या शेजाऱ्याच्या पेरूवरच्या माश्या. बोराची माशी निराळी. ती त्या वासाकडे फिरकतही नाही. म्हणजे अण्णांनी पदरचे पैसे घालून शेजाऱ्याची पेरूबाग राखली, आणि आपली बोरे उघडी टाकली.

तेव्हापासून आमच्या पिशवीत दहापट मोठे दाखवणारे भिंग असते. जे शिकलो ते आता क्रमाने सांगतो.

पहिली पायरी : ही माशीच आहे का?

आपल्याकडे उडणारे जे बारीकसारीक असेल त्याला माशी म्हणण्याची रीत आहे. उसावरची पांढरी माशी घ्या. पानाच्या खालच्या बाजूला काळे, कडेला पांढरी झालर असलेले बारीक ठिपके दिसतात ती तिची पिले. पाणी साचलेल्या आणि नत्र कमी पडलेल्या खोडव्यात ती हटकून येते. नावात माशी असली तरी ती माशी नव्हे. तिला चार पंख असतात आणि ती मावा-तुडतुड्यांच्या गोतातली, रस शोषणारी. खऱ्या माशीला पंख दोनच. मागच्या पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन बारीक गाठी असतात, उडताना तोल सांभाळण्यासाठी. पंख चार दिसले तर ती गांधीलमाशी, मधमाशी, पांढरी माशी, आणखी काहीही असेल, फळमाशी नाही.

फुटलेल्या, सडलेल्या फळावर घोंघावणारी चिलटे हीसुद्धा दोन पंखांचीच, पण ती नंतर येतात. फळ आंबले की त्या वासावर जमतात. बोराचा किंवा पेरूचा गुन्हा त्यांच्यावर घालू नये. डाळिंबाचे तर आणखी वेगळे. डाळिंबाला वाटोळे भोक पाडून आत शिरणारी अळी ही एका फुलपाखराची अळी होय. त्यासाठी फळमाशीचा सापळा बांधणारे सभासद आम्ही पाहिले आहेत.

आणि एक माशी मारू नका. उसाच्या कोंबात खोडकिडीची अळी असते, तिच्या अंगात वाढणारी स्टर्मिऑप्सिस नावाची एक मित्रमाशी आहे. ती राखाडी असते आणि तिच्या अंगावर राठ केस असतात. घरमाशीची थोरली बहीण म्हणावी अशी. तिची मादी खोडकिडीच्या भोकाजवळ आपल्या बारीक अळ्या सोडते, त्या आत जाऊन किडीच्या अळीला खातात. लागणीच्या उसात पोंगे मरत असताना अशी माशी कोंबाभोवती दिसली तर तिला तिचे काम करू द्यावे.

भिंगाखाली काय पाहायचे?

डब्यातील ताज्या माश्या पांढऱ्या कागदावर ओताव्यात. ताज्या म्हणजे आठवडाभरातल्या. महिनाभर उन्हात सुकलेल्या माशीचा रंग उतरतो, पंख झडतात, आणि मग आमच्यासारख्यालाच काय, पंडितालाही सांगता येत नाही. काडीने माशी उताणी-पालथी करून दोन जागा नीट पाहाव्यात : पाठ, म्हणजे डोक्यामागचा मधला फुगीर भाग, आणि पंख. तिसरी जागा म्हणजे तोंडाचा दर्शनी भाग, पण तिच्याकडे अगदी शेवटी वळावे.

पाठीवर पिवळे पट्टे किती आहेत ते मोजा. दोन असतील, दोन्ही कडांना एकेक, तर ती आंबा-पेरूच्या घराण्यातली. तीन असतील, म्हणजे कडांचे दोन आणि मधोमध एक, तर ती काकडी-कारल्याच्या घराण्यातली. एकही नीट पट्टा नसून पिवळट अंगावर काळे ठिपके असतील आणि पंख चितारलेले असतील तर ती बोराची. एवढी एक खूण ध्यानात ठेवली तरी शेतकऱ्याचे बहुतेक काम भागते. बाकीचा तपशील हौस असेल त्याच्यासाठी.

आंबा-पेरूच्या घराण्यात आपल्या भागात तीन बहिणी सापडतात, आणि त्या इतक्या सारख्या की आम्ही पहिले दोन महिने त्यांना एकच समजत होतो.

थोरली ती बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. आमच्या पदविकेच्या पुस्तकात तिचे नाव डॅकस डॉर्सालिस असे होते. शास्त्रज्ञ नावे बदलतात, माशी तीच राहते. ती घरमाशीएवढी किंवा किंचित मोठी असते. पाठ बहुधा काळी, कडांना दोन पिवळे पट्टे, पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण. पंख काचेसारखा स्वच्छ, पण त्याच्या पुढल्या कडेने टोकापर्यंत एक बारीक गडद रेघ अखंड गेलेली असते, धोतराच्या काठासारखी.

दुसरी झोनाटा. अंगाने जराशी लहान, आणि रंगाने काळी नसून तांबूस, विटेच्या रंगाकडे झुकणारी. तिच्या पंखाची कडेची रेघ तुटलेली असते आणि टोकाला फक्त एक तपकिरी ठिपका उरतो.

तिसरी करेक्टा. हिचाही काठ तुटका आणि टोकाला ठिपका, म्हणून झोनाटाशी घोटाळा होतो. पण हिची पाठ गडद असते. आणि आता तोंडाकडे पाहा : झोनाटाच्या तोंडावर दोन वेगवेगळे काळे ठिपके असतात, करेक्टाचे ठिपके आडवे ताणलेले असून मध्ये जवळजवळ भिडतात, मिशीसारखे दिसतात. आमच्या चिटबॉयने हिचे नाव 'मिशीवाली' ठेवले आहे.

या तिघींना वेगळे ओळखून शेतकऱ्याला काय मिळते? आमचे प्रांजळ मत असे की, माल गावच्या बाजारात विकणाऱ्याला फारसे काही नाही. तिघींचे नर मिथाईल युजेनॉललाच येतात, तिघींना सापळा एकच. मात्र निर्यातीत ही चैन चालत नाही. परदेशच्या बंदरावर कोणती माशी आली हे नावानिशी विचारतात, कारण त्यांच्या देशात एखादी आधीच असते आणि दुसरी नसते.

एक सावधगिरी. पाठीच्या रंगावर फार विसंबू नये. डॉर्सालिसची पाठ कधी काळी, कधी तपकिरी निघते. रंगाच्या या घोळात जगातले मोठे शास्त्रज्ञ फसले आहेत. २००३ साली आफ्रिकेत केनियात एक नवीच फळमाशी सापडली. पाठीचा रंग काळ्यापासून तांबूसपर्यंत कसाही, आंब्याची भयंकर नासाडी. २००५ साली तिला नवी जात ठरवून 'इन्व्हेडन्स', म्हणजे आक्रमण करणारी, असे नाव दिले गेले. अनेक देशांनी त्या नावाने आफ्रिकेच्या फळांना दारे बंद केली. पुढे पंख, नांगी, वास, आनुवंशिक द्रव्य आणि एकमेकींशी होणारा संकर हे सारे तपासल्यावर २०१५ साली निर्णय झाला की ही आपली आशियातली डॉर्सालिसच! दहा वर्षे एकाच माशीची दोन नावे चालली आणि त्यावर व्यापार अडला. म्हणून आम्ही पाठीपेक्षा पंखाची कड अधिक भरवशाची मानतो.

काकडी, कारले, दोडका, भोपळा, कलिंगड यांवरची माशी म्हणजे झ्युगोडॅकस कुकुर्बिटी. पाठ तांबूस, वर तीन पिवळे पट्टे. पंखाची पुढली कड रुंद गडद असून टोकाला ती आणखी फुगते, आणि पंखाच्या आत आडवा एक डागही असतो. उसात काकडीचे आंतरपीक घेणाऱ्या सभासदांनी हिची सवय ध्यानात घ्यावी. ही काकडीच्या वेलावर मुक्काम करत नाही. अंडी घालायला येते आणि बाकीचा वेळ कडेच्या मका-एरंडासारख्या उंच झाडोऱ्यात पानाखाली बसून काढते. फवारा वेलावर मारून ती सापडत नाही याचे हेच कारण. हिच्या नरांना मिथाईल युजेनॉलचा वास चालत नाही, क्यू ल्यूर नावाचे दुसरे आमिष लागते. दुकानात दोन्ही वड्या शेजारी-शेजारी आणि जवळपास सारख्याच दिसणाऱ्या पाकिटांत असतात. वाचून घ्यावे. वाचता येत नसेल तर पोराला बरोबर न्यावे.

आता बोराची माशी, कार्पोमिया व्हेसुव्हिआना. घरमाशीपेक्षा स्पष्ट लहान. अंग पिवळसर तपकिरी, पाठीवर व कडांना काळे ठिपके. पंखावर पिवळट-तपकिरी आडवे पट्टे, जणू कोणी कुंचल्याने ओढलेत. इतर फळमाश्यांचे पंख काचेसारखे, हिचे चितारी. एकदा पाहिली की विसरत नाही. मिथाईल युजेनॉल, क्यू ल्यूर, दोन्ही हिच्यापुढे निरुपयोगी.

वासाची गोष्ट

हा वासाचा शोध आपल्याच देशात लागला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बिहारात पुसा येथे त्या काळी सरकारी कृषी संशोधन संस्था होती. तेथे हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ काम करीत. त्यांचा एक शेजारी डास येऊ नयेत म्हणून सिट्रोनेला तेल, म्हणजे गवती चहाच्या जातीच्या गवताचे तेल, वापरीत असे. डास गेले, पण फळमाश्या मात्र त्या तेलावर तुटून पडू लागल्या. हॉवलेट यांनी पाहिले तर साऱ्या नर माश्या! १९१२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि १९१५ पर्यंत त्या तेलातील नेमके कोणते द्रव्य नरांना ओढते याचा माग मिथाईल युजेनॉलपर्यंत नेला. तेच द्रव्य आपल्या अंगणातल्या तुळशीतही असते. म्हणून काही शेतकरी तुळशीचा पाला ठेचून डब्यात घालतात. उपाय खोटा नाही, पण वास लवकर उडतो.

यातली मुख्य खोच अशी की डब्यात येतात ते सगळे नर. अंडी घालणारी मादी डब्यात येतच नाही. कागदावर ओतलेल्या माश्यांची पोटे पाहा, मागे बोथट असतात. मादीच्या पोटाला मागे टोकदार सुई असते. तीच ती फळाच्या सालीत खुपसते. सापळ्याचा हेतू नर इतके कमी करण्याचा की माद्यांना जोडी मिळू नये. म्हणून एकट्याच्या बागेत दोन डबे टांगून फारसे साधत नाही. शिवारातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावेत, आणि वडी दीड-दोन महिन्यांनी बदलावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंब्यासाठी 'रक्षक' सापळा काढला तो याच तत्त्वावर.

सगळ्यांनी मिळून केले तर काय होते ते जपानमधील ओकिनावा बेटांनी दाखवले. ही बेटेही उसाचीच बरं का, तिथला शेतकरी आपल्यासारखाच कारखान्याला ऊस घालतो. मिथाईल युजेनॉल आणि कीटकनाशक मुरवलेले तुकडे बेटभर टाकून त्यांनी १९८६ सालापर्यंत डॉर्सालिस पार नाहीशी केली. पण काकडीच्या माशीला तो उपाय लागू पडेना, क्यू ल्यूरची ओढ त्या मानाने कमी. तेव्हा त्यांनी कारखान्यात माश्या वाढवल्या, किरणे देऊन वांझ केल्या आणि सोडल्या. वर्षानुवर्षे हे चालले आणि १९९३ साली तीही संपली. दोन माश्या, दोन उपाय. आम्ही अण्णांना एकच सांगून बसलो होतो.

अंगावर येते तेव्हा काय होते तेही आपण पाहिले आहे. युरोपात २०१३ या एका वर्षात भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी व इतर किडी आढळल्या. १ मे २०१४ पासून त्यांनी आपला आंबा, कारले, पडवळ, वांगे आणि अळू बंद केले. हापूसच्या ऐन हंगामात बंदी! आंब्यावरची बंदी २०१५ साली उठली, पण तो एक हंगाम गेला तो गेला.

फळातली अळी कोणाची?

अळीवरून जात ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. साऱ्यांच्या अळ्या पांढरट, बिनपायांच्या, पुढे निमुळत्या. पूर्ण वाढलेली अळी तळहातावर ठेवली तर टुणकन उडी मारते, एवढ्यावरून ती फळमाशीच्या कुळातली हे कळते, पुढचे काही कळत नाही. आणि बोरात आंबा-पेरूच्या माश्याही अधूनमधून अंडी घालतात, म्हणून बोरातली अळी म्हणजे बोराचीच माशी असेही धरता येत नाही.

यावर खात्रीचा उपाय एकच : अळी पाळून माशी निघेपर्यंत थांबणे. लोणच्याची रिकामी बरणी घ्यावी. तळाशी चार बोटे ओलसर वाळू किंवा चाळलेली माती घालावी. ओलसर म्हणजे मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पाणी गळू नये. वर आठ-दहा किडकी फळे ठेवावीत. तोंडाला जुन्या धोतराचे पातळ फडके दोऱ्याने घट्ट बांधावे. बरणी सावलीत ठेवावी आणि मुंग्या लागू नयेत म्हणून पाण्याच्या ताटलीत ठेवावी. अळ्या वाळूत उतरतात आणि गव्हाच्या दाण्यासारखे, पण लहान, तपकिरी कोष करतात. सडलेली फळे मग काढून टाकावीत. पेरू-आंब्याच्या माश्या उन्हाळी हवेत आठ-बारा दिवसांत कोषातून निघतात. बोराच्या माशीला थंडीत तीन आठवडे आणि क्वचित त्याहून जास्त लागतात. माशी निघाली की लगेच मारू नये, तिचा रंग चढायला एक-दोन दिवस जातात. फडक्यावर साखरेच्या पाण्याचा बोळा ठेवावा. साखर आपल्या घरचीच आहे.

अण्णांच्या बोरांची बरणी आमच्या टेबलाखाली बावीस दिवस होती. कार्यालयात वास येतो म्हणून कुरकुर झाली, ती आम्ही सोसली. तेविसाव्या दिवशी सकाळी फडक्याच्या आत चितारी पंखांच्या पाच माश्या बसलेल्या होत्या. एकाही माशीच्या पंखाला काचेची झाक नव्हती. आम्ही बरणी तशीच मोटारसायकलवर घालून अण्णांच्या वस्तीवर गेलो. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिले आणि एवढेच म्हणाले, "म्हंजी ही होय आमची."

बोराच्या माशीला मग करायचे काय?

वास चालत नाही, तर तिचे घर उकरावे. किडक्या बोरातली अळी झाडाखालच्या मातीत उतरते आणि चार-सहा बोटे खोल कोष करते. काही कोष त्याच हंगामात फुटतात, काही पुढल्या बहाराची वाट पाहत महिनेच्या महिने मातीत पडून राहतात. म्हणून गळलेली बोरे रोज नाही तरी दोन दिवसांआड वेचावीत आणि दोन फूट खोल खड्ड्यात पुरून वर माती दाबावी. बांधावर फेकली किंवा उकिरड्यात टाकली तर काम फुकट जाते. हंगाम संपून छाटणी झाली की चैत्र-वैशाखाच्या उन्हात झाडाखालची माती वितभर खोल चाळून उलथी करावी. कोष उन्हाने मरतात, उरलेसुरले साळुंक्या आणि कोंबड्या टिपतात. फवारणी करावयाची ती फळ वाटाण्याएवढे असताना. त्यानंतर अळी गरात शिरते आणि औषध वरच्यावर वाहून जाते. औषधाचे नाव व प्रमाण आम्ही येथे मुद्दाम देत नाही. शिफारशी बदलत राहतात, तेव्हा मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा राहुरीच्या विद्यापीठाच्या माणसाला विचारूनच घ्यावे, आणि फवारणीनंतर तोडीला किती दिवस थांबायचे हेही विचारावे. संक्रांतीच्या सुगडात आपल्या उसाच्या तुकड्यांशेजारी हीच बोरे पडतात, आणि बोरन्हाणाला ती लहान पोरांच्या हाती जातात.

अण्णांनी दोन उन्हाळे झाडाखालची माती चाळली. पहिल्या वर्षी फरक थोडाच पडला. मग ध्यानात आले की त्यांच्या बागेच्या अंगाला ओढ्याकाठी रानबोरीची दाट झुडपे आहेत आणि माशीचा मुक्काम तिथे बारमाही. झुडपे ओढ्याच्या काठची, काही सामायिक, काही दुसऱ्याच्या हद्दीतली. ती तोडण्यावरून थोडी बाचाबाचीही झाली. शेवटी बागेलगतची तेवढी तोडली, लांबची राहिली. दुसऱ्या हंगामात पहिल्या तोडीची मूठभर बोरे फोडली तर एखादे किडके निघाले. अगदी निर्मळ अजूनही झालेली नाहीत, आणि ओढ्याची झुडपे आहेत तोवर होतील असे आम्हाला वाटत नाही. पेरूवाल्या शेजाऱ्याने मात्र आता आपले सापळे आपल्या पैशाने लावले आहेत.

सभासदांना विनंती की सापळे विकत घेण्याआधी पाच-सहा माश्या काडेपेटीत कापसावर ठेवून जवळच्या गट कार्यालयात आणाव्यात. डब्यातल्या असतील तर ताज्या, बरणीतून निघालेल्या असतील तर उत्तमच. काडेपेटीवर आपले नाव, गाव, गट नंबर, फळ कोणते आणि माशी डब्यातली की फळातून निघालेली, हे लिहावे. मोबाईलवर फोटो काढून पाठवतात त्यात पंखाची कड दिसत नाही, माशीच आणावी. ऊसनोंदीच्या दिवशी आणलीत तर दोन्ही कामे एकाच खेपेत होतील. भिंग टेबलाच्या डाव्या कप्प्यात असते. आम्ही फेरीवर असलो तर चिटबॉय दाखवील, त्याला आता मिशीवाली आमच्यापेक्षा लवकर ओळखता येते.